शांत पेटी : मधमाशी-साधना शिबिर आणि तात्यांकडचे रविवार

गेल्या दीड वर्षात मधमाशीपालन शिकायला मी दोन ठिकाणी गेले. पहिलं म्हणजे मुळशीच्या बाजूला भरलेलं तीन दिवसांचं निवासी ‘मधमाशी-साधना’ शिबिर. फी ८,५०० रुपये, राहणं-जेवण धरून. दुसरं म्हणजे जावळी तालुक्यातले एक जुने मधपाळ, ज्यांना सगळे तात्या म्हणतात. त्यांच्याकडे रविवारी जायचं, खेपेला ५०० रुपये द्यायचे, चहा त्यांच्या घरचा. शिबिराचं नाव मी लिहीत नाही. ती माणसं मनाने चांगली होती, आणि अशी शिबिरं आता ठिकठिकाणी भरतात. एकाचं नाव घेतलं की बाकीची नामानिराळी राहतात, ते मला नको आहे. तात्यांचा पत्ताही देत नाही, कारण त्यांनी नको म्हणून सांगितलंय. पण दोन्हीकडे काय मिळालं ते सविस्तर लिहिते. मधमाश्या पाळाव्यात असं मनापासून वाटणारी माणसं मला सारखी भेटतात आणि त्यातली बरीचशी पहिल्या वाटेने जातात. मीही तशीच गेले होते.

आबा, म्हणजे माझे वडील, गेले तेव्हा आमच्या गावच्या घरी मागच्या पडवीत सातेरीच्या दोन भरलेल्या पेट्या होत्या. सातेरी म्हणजे आपली डोंगरातली देशी माशी. आग्या उघड्यावर एकच मोठं पोळं लावते. सातेरी झाडाच्या ढोलीत, अंधारात, एकाला एक लागून पोळी बांधते, म्हणून ती पेटीत राहू शकते. महाबळेश्वर-जावळीकडे हा उद्योग जुना आहे, आबांनीही तरुणपणीच पेट्या घेतल्या होत्या. मी ३१ वर्षं पुण्यात एका रक्तपेढीच्या प्रयोगशाळेत होते. सुट्टीत गावी गेले की आबा पेटी उघडताना मी लांबून बघायचे. काय करताय, हे कधी विचारलं नाही. निवृत्त होऊन साताऱ्याला आले तेव्हा पेट्या माझ्याकडे आल्या. मला त्यातून पैसे मिळवायचे नव्हते. आबांच्या जवळ थोडं बसायला मिळावं, एवढंच मनात होतं. ‘साधना’ हा शब्द वाचला आणि मी पैसे भरले.

शिबिरातली पहिली सकाळ फार सुंदर होती. आम्ही १६ जण होतो. डिसेंबरचं ऊन वर येईपर्यंत पेट्यांपासून दहा-बारा फुटांवर चटया टाकून बसलो. अत्तर, पावडर, सुगंधी तेल काही लावायचं नाही, गडद कपडे नकोत, हात झटकायचे नाहीत, माशी अंगावर बसली तर बसू द्यायची. शिबिराच्या मार्गदर्शकांना सगळे दादा म्हणत. ते म्हणाले, पेटीच्या तोंडावर श्वास सोडू नका. हे सगळं बरोबर आहे. माशीला आपला उच्छ्वास सहन होत नाही, गडद आणि केसाळ गोष्टींवर ती चिडते. अर्ध्या तासात माझी भीती गेली, आणि ती आजवर परत आलेली नाही. उन्हाची तिरीप पेटीच्या तोंडावर आली तशा पहिल्या माश्या बाहेर पडल्या, मग आणखी, आणि बघता बघता तो गुणगुणाट पोटात जाणवायला लागला. आबा पडवीत पाट टाकून तासन्‌तास बसायचे ते कशासाठी, हे मला त्या सकाळी कळल्यासारखं वाटलं. शेजारच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या अर्ध्या तासासाठी मी शिबिराची आजही ऋणी आहे.

जेवण साधं आणि चांगलं होतं, खोल्या स्वच्छ होत्या, संध्याकाळच्या गप्पा मनापासूनच्या होत्या. दादांचं वाचन मोठं होतं. दत्तगुरूंच्या चोवीस गुरूंमध्ये मधमाशी आहे, माधुकरी हा शब्द तिच्यावरूनच आला, घरोघरी थोडं थोडं मागायचं, कुणा एकावर भार टाकायचा नाही, असं त्यांनी फार छान सांगितलं. १९२३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या डॉर्नाख इथे ऑस्ट्रियन तत्त्वज्ञ रुडॉल्फ श्टायनर यांनी मधमाश्यांवर दिलेल्या व्याख्यानांबद्दलही ते बोलले. माणसाने कृत्रिम रीतीने राण्या तयार करायला घेतल्या, याबद्दल श्टायनर यांना काळजी वाटत होती. तिथून दादा आपल्या मुख्य मुद्द्यावर आले. पेटी म्हणजे एक देह आहे, त्याला सारखं फाडू नका. धूर देणं हिंसा आहे. साखरेचा पाक देणं म्हणजे तिचा अपमान आहे. माश्या उठून गेल्या तर ते नव्या कुटुंबाचं जन्मणं आहे, अडवू नका. तुमचं काम एकच, शांतपणे जवळ राहणं.

मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. ती वही अजून आहे माझ्याकडे.

शेवटच्या सकाळी एका पेटीचं ‘दर्शन’ होतं. सात वाजले होते, वारं बोचरं होतं. झाकण काढलं, मंद आवाजात ओंकार चालू होता, आणि पिल्लांनी भरलेली पोळ्याची लाकडी चौकट १६ जणांच्या हातून फिरली. कुणी ती आडवी धरली, कुणी फोटोसाठी उन्हाकडे वळवली. वीसेक मिनिटं पेटी उघडी होती. तेव्हा माझेही डोळे भरून आले होते. आज तो प्रसंग आठवला की अंगावर काटा येतो. पिल्लांच्या भागाचं तापमान माश्या पस्तीस अंशांच्या आसपास राखून असतात. थंडीत त्या एकमेकींना चिकटून, पंखांचे स्नायू थरथरवून ती ऊब तयार करतात. त्या ऊबेतून काढून आम्ही ती चौकट हातोहात फिरवली, आणि ज्यांना ते कळायला हवं होतं ते डोळे मिटून बसले होते.

आणखी एक गोष्ट लिहायलाच हवी, कारण ती जिवाशी आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी एका पंचविशीतल्या मुलाला मानेवर माशी चावली. दादा म्हणाले, डंख हा प्रसाद आहे, स्वीकार करा, आणि त्यावर हळद लावली. दहा मिनिटांत त्याच्या अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, आवाज घोगरा झाला. रक्तपेढीत इतकी वर्षं काढल्यावर मला थांबून विचार करायची गरज नव्हती. मी गाडी काढायला लावली. जवळचा दवाखाना चाळीस मिनिटांवर होता. तिथे डॉक्टरांनी लगेच ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन दिलं आणि पोरगा वाचला. शिबिराच्या जागी ते औषध नव्हतं. कुणाला ॲलर्जी आहे का, हे फॉर्मवर विचारलेलं नव्हतं. माशी चावली तर काटा आधी नखाने खरवडून काढायचा असतो, कारण त्याला विषाची पिशवी लटकलेली राहते आणि माशी निघून गेल्यावरही ती विष ढकलत राहते. हे तीन दिवसांत कुणीही सांगितलं नाही. कुठलंही शिबिर निवडताना हा एक प्रश्न आधी फोनवर विचारा. उत्तर मिळालं नाही तर जाऊ नका.

निघताना मी मधाची बाटली घेतली. २५० ग्रॅम, ६५० रुपये, लेबलवर ‘कच्चा, जिवंत मध’. मार्चमध्ये ती फसफसली, झाकण फुगलं, आंबूस वास आला. का, ते पुढे सांगते.

घरी आले आणि वहीत लिहिल्याप्रमाणे वागले. रोज नाही, पण आठवड्यातून तीन दिवस गावी जाऊन पेट्यांसमोर बसायचे. पेटी उघडली नाही. फेब्रुवारीत वरच्या पेटीतून माश्यांचा मोठा लोट बाहेर पडला, समोरच्या फणसाच्या फांदीला घडासारखा लटकला आणि तासाभराने डोंगराकडे निघून गेला. आठवड्याभराने पुन्हा एक, जरा लहान. नव्या कुटुंबाचा जन्म म्हणून मी हात जोडले. मार्च-एप्रिलमध्ये जांभूळ फुलली, आवाज बरा होता. मग जून आला. आमच्याकडचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. दिवस दिवस माशीला बाहेर पडता येत नाही, आणि बाहेर पडली तरी फुलं धुऊन गेलेली असतात.

जुलैअखेर वरची पेटी शांत झाली. मी जवळ जाऊन कान लावला. गुणगुण अगदी खालच्या सुरात, जेमतेम. मला ती ध्यानासारखी वाटली. वहीत मी तारखेसकट लिहिलंय, ‘आज पेटी फार शांत आहे, मलाही शांत वाटलं.’ ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात गेले तर तोंडाशी एकही माशी नव्हती. पहिल्यांदाच झाकण उघडलं. आत काळी पडलेली रिकामी पोळी, त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे, त्यात वळवळणाऱ्या अळ्या. कोपऱ्यात मुंग्यांची रांग. मध टिपूसभर नाही.

चुलतभाऊ म्हणाला, तात्यांना बोलव. आबांना पेटी देताना तेच बरोबर होते म्हणे.

तात्या आले, ७१ वर्षांचे, डोक्याला टोपी, हातात फक्त एक चपटी लोखंडी पट्टी. पोळं उन्हाकडे धरून त्यांनी मला विचारलं, “पावसाळ्यात पाक दिला न्हाय?” नाही म्हटलं. “फेब्रुवारीत फुटली व्हती का?” दोनदा, म्हटलं. मग मी त्यांना सांगितलं की पेटी शेवटचे पंधरा दिवस फार शांत होती, मी तिच्यापाशी येऊन बसत होते. ते जरा वेळ काही बोलले नाहीत. मग हलक्या आवाजात म्हणाले, “ताई, शांत नव्हती ती. उपाशी व्हती.”

त्या वाक्यानंतर मी तात्यांकडे शिकायला जायला लागले. सप्टेंबर ते मे, मधले काही रविवार सोडून.

काय घडलं होतं ते त्यांनी मला टप्प्याटप्प्याने समजावलं. सातेरी फुटते तेव्हा जुनी राणी निम्म्याहून जास्त माश्या घेऊन जाते. मागे नवी राणी तयार होते, पण पेटीत गर्दी राहिली तर तीही एखाद्या लोटाबरोबर जाते. दोनदा फुटलेली पेटी मूठभर माश्यांवर येते. मूठभर माश्यांना जांभळीच्या बहरात पुरेसा मध साठवता येत नाही. पावसात साठा संपतो, राणी अंडी घालणं थांबवते, सगळी पोळी झाकायला माश्या पुरत नाहीत, झाकली न गेलेली पोळी मेणकिडा खातो. शेवटी उरलेल्या माश्या सगळं सोडून उडून जातात. देशी सातेरीचा हा स्वभावच आहे. अन्न संपलं, किडा लागला, मुंग्या आल्या, फार उघडझाप झाली की ती घर सोडते. युरोपातली मेलिफेरा जातीची माशी सहसा असं करत नाही, तिथल्या थंडीत घर सोडणं म्हणजे मरणच. म्हणजे ‘हात लावू नका’ ही शिकवण एका देशातल्या एका माशीवर बेतलेली, आणि ती मी जावळीच्या पावसातल्या दुसऱ्या माशीला लावली. शिबिरातल्या पडद्यावरच्या चित्रफिती कुठल्या माशीच्या होत्या, तेही मला तात्यांकडे गेल्यावरच कळलं. पेटीच्या तोंडाशी उभं राहून वारा घालणारी मेलिफेरा तोंड आत करून उभी असते. सातेरी तोंड बाहेर करून. तात्यांनी हे पहिल्याच रविवारी दाखवलं, आणि मला त्या चित्रफितीतल्या माश्या आठवल्या. सगळ्यांची तोंडं आत होती.

तात्यांची शिकवण कशी असते ते सांगते, कारण परीक्षण त्याचं आहे. फळा नाही, वही नाही. पहिले तीन रविवार मला पेटी उघडू दिली नाही. तोंडाशी बसवलं, अगदी शिबिरासारखं, पण हातात मोजायचं काम. पाच मिनिटांत किती माश्या पायाला पराग लावून आल्या? कुठल्या रंगाचा? पराग येतोय म्हणजे पिल्लं आहेत, पिल्लं आहेत म्हणजे राणी अंडी घालतेय, हे झाकण न काढता कळतं. फळीवर मेलेल्या माश्या पडल्यात का? आत शिरणाऱ्या माशीचं पोट भरून जड दिसतंय का? पेटीची मागची बाजू दोन बोटांनी उचलून वजन जोखायचं. बसणं तेच होतं. मुळशीला मला माझ्या मनाकडे बघायला सांगितलं होतं. इथे माशीच्या पायाकडे. आणि माशीच्या पायाकडे अर्धा तास बघितलं की मन आपोआप कुठे जायचं तिथे जातं, हा माझा अनुभव आहे.

चौथ्या रविवारी झाकण निघालं. सकाळी दहानंतर, ऊन असताना, वारं नसताना. धुरकांड्यात वाळलेली नारळाची शेंडी, धूर थंड आणि पांढरा, तोंडाशी दोन फुंकर, बस. धुराने माशी मधाने पोट भरून घेते आणि जरा मवाळ होते. शिवाय एका माशीने डंख मारला की पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो, तो बाकीच्यांना बोलावतो, धुराने तो वास दबतो. जास्त धूर दिला तर सातेरी उलट बिथरते, पोळं सोडून भिंतीवर पळते. चौकट नेहमी पेटीच्या वरच धरायची, म्हणजे राणी पडलीच तर घरात पडेल. आणि उभी धरायची, दुसरी बाजू बघायची तरी वरची पट्टी उभी करून फिरवायची. आडवी केली की नवं मऊ पोळं स्वतःच्या वजनानेच तुटतं. सगळी तपासणी पाच-सात मिनिटांत उरकायची. माझ्या डोळ्यांपुढे ती १६ हातांतून फिरलेली चौकट आली. मी तात्यांना ते सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली.

एकदा त्यांनी मला दोन चौकटींमधल्या फटीत बोट घालायला लावलं आणि विचारलं, इथे पोळं का बांधत नाहीत? मला माहीत नव्हतं. फट मोठी असली तर माशी तिथे पोळं बांधते, फार लहान असली तर बुजवते किंवा वापरत नाही. जेमतेम माशी फिरेल एवढी असली तर वाट म्हणून मोकळी सोडते. या एका गोष्टीवर आजची पेटी उभी आहे. घरी येऊन मी याबद्दल वाचलं. हे अंतर वापरून सुट्या चौकटींची पेटी बनवली ती अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ यांनी, १८५२ मध्ये तिचं पेटंट घेतलं, आणि ते धर्मोपदेशक होते. सातेरीच्या मापाची लहान पेटी १९१० च्या सुमारास दक्षिणेत तयार केली ती फादर न्यूटन यांनी, तेही धर्मगुरू. इंग्लंडमधल्या बकफास्ट मठात आयुष्यभर माश्यांची पैदास सुधारत राहिलेले ब्रदर ॲडम हे तर मठवासी साधूच. ज्या माणसांनी आयुष्य देवाला वाहिलं होतं, त्यांनी माशीपाशी बसून मिलिमीटर मोजले. हे वाचून मला फार बरं वाटलं. दादांनी सांगितलेल्या चोवीस गुरूंची यादीही पुन्हा काढून पाहिली. त्यात मधमाशी आहेच, पण मध काढून नेणारा माणूसही एक गुरू आहे, वेगळा. आणि बाण घडवणारा कारागीर आहे, जो कामात इतका बुडालेला होता की शेजारून राजाची मिरवणूक गेली ती त्याला कळलीच नाही. शिबिरात या दोघांबद्दल एक शब्द निघाला नव्हता.

तात्या देवाधर्माचे नाहीत असं कुणी समजू नये. हंगामातली पहिली पेटी उघडण्याआधी ते तिला हात लावून तो कपाळाला लावतात. पहिला चमचा मध ग्रामदैवताला जातो. अमावास्येला ते पेटी उघडत नाहीत. याचं कारण मला सापडलेलं नाही, पण मीही आता उघडत नाही. खालच्या पिल्लांच्या कोठीतला मध त्यांनी कधी काढलेला नाही, वरच्या मधकोठीतलाही एक भाग पावसाळ्यासाठी ठेवतात. सगळा मध ओरबाडून बदल्यात साखर द्यायची, हे त्यांनाही पाप वाटतं. इथे दादांचं आणि त्यांचं एकमत आहे. फक्त तात्या पुढचं वाक्य बोलतात, की पावसाने धरलं तर पाक द्यायचा. मग तो अपमान वगैरे काही नसतो.

ऑक्टोबरात रिकाम्या पेटीत नवी वसाहत आणली. गावच्या शिवेवर पडलेल्या एका जुन्या आंब्याच्या ढोलीत सातेरी होती. झाड तोडायला निघाले होते, म्हणून काढली. पोळी कापून चौकटीत बसवली आणि केळीच्या सोपटाच्या दोरीने बांधली. दोन-तीन दिवसांत माश्या पोळं चौकटीला मेणाने चिकटवतात आणि मग ती दोरी कुरतडून बाहेर टाकतात. तोंडाला काही दिवस जाळी लावली, कामकरी जातील-येतील पण राणी मावणार नाही अशी. पेटी ठेवायच्या लाकडी घोडीच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या, मुंग्यांसाठी. चौथ्या दिवशी तोंडाशी सोपटाचे तुकडे पडलेले दिसले तेव्हा मी पडवीतच खाली बसले.

फेब्रुवारीत तात्यांनी पोळ्याच्या कडेला उंचवट्यासारख्या टोप्या दाखवल्या, प्रत्येकीच्या मध्यावर टाचणीएवढं भोक. ती नरांची घरं. नर वाढायला लागले म्हणजे फुटायची तयारी सुरू आहे. पुढच्या आठवड्यात पोळ्याच्या खालच्या काठाला राणीची घरं लोंबत होती, शेंगदाण्याच्या टरफलासारखी. मागच्या वर्षी याच दिवसांत मी समोर हात जोडून बसले होते. या वेळी आम्ही पेटी फुटायच्या आधीच विभागली. जुन्या राणीला काही चौकटींसह नव्या पेटीत नेलं, मागे एक चांगलं राणीघर ठेवलं, बाकीची काढली. पंधरा दिवसांनी मागच्या पेटीत नवीन अंडी दिसली, घराच्या तळाला तांदळाच्या कणीएवढी, उभी. तात्यांनी चौकट माझ्याच हातात दिली होती. आता माझ्याकडे तीन पेट्या आहेत.

एप्रिलअखेर मध काढला. सगळी घरं मेणाने बंद झालेल्याच चौकटी घ्यायच्या, निदान तीन चतुर्थांश तरी. उघड्या घरांतला मध अजून पातळ असतो, माश्यांनी तो पंखांनी वारा घालून आटवलेला नसतो. सुरीने टोप्या काढायच्या, हाताने फिरवायच्या मधयंत्रात चौकटी घालायच्या, पोळं शाबूत परत पेटीत. एका पेटीतून साडेतीन किलो मिळाला. मी मधातलं पाणी मोजायचं, हातात धरायचं रिफ्रॅक्टोमीटर घेतलंय. आमच्या मधात पाणी साडेएकोणीस टक्के निघालं, नियमाची मर्यादा २० आहे. शिबिरातल्या बाटलीत तळाशी थोडा मध उरला होता, तोही मोजला. २४ टक्के, म्हणूनच तो फसफसला होता. लेबलवरचा ‘कच्चा’ हा शब्द अक्षरशः खरा होता. मध पिकायच्या आधीच काढलेला होता. गरम न केलेला आणि न पिकलेला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ६५० रुपये देणाऱ्याला त्या सांगितल्या गेल्या पाहिजेत.

तात्यांच्या शिकवणीतही उणं आहे. ते समजावून सांगत नाहीत, करून दाखवतात, आणि एकदाच. शहरातून येणाऱ्याला त्यांची भाषा आणि वेळ दोन्ही जड जातील. मेलिफेराबद्दल त्यांना फारसं माहीत नाही. रोगांची नावं ते सांगू शकत नाहीत, लक्षणं अचूक सांगतात. ज्यांना पायरीपायरीने शिकायचंय त्यांच्यासाठी पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, तिथे घरोघरी पेट्या बघायला मिळतात. आधी तिथे जाऊन या, मग आपल्या भागातला एखादा तात्या शोधा.

आणि शिबिर? ज्याला पेटी ठेवायचीच नाही, फक्त भीती घालवायची आहे, दोन दिवस शांत बसायचंय, त्याने जावं, ॲलर्जीचा प्रश्न विचारून. ज्याच्या दारात पेटी आहे किंवा येणार आहे, त्याने तिथून आल्यावर वहीतलं काहीही माशीवर लावू नये. मला शिबिरवाल्यांना एवढंच सांगायचंय की तुमच्याकडे माणसं फार मऊ मनाने येतात. त्यांना तीन दिवसांतला एक दिवस तरी चौकट धरायला, काटा काढायला, पेटीचं वजन जोखायला शिकवा. त्यांच्या घरी जिवंत माश्या असतात.

हे लिहीत असताना जूनचा दुसरा आठवडा संपतोय. चार दिवस पाऊस उघडलेला नाही. काल तिन्ही पेट्या मागून उचलून पाहिल्या. दोन जड आहेत. ढोलीतून आणलेली हलकी लागली, आणि आवाजही जरा कमी आहे. एक भाग साखर, एक भाग पाणी, पाक गार होत ठेवलाय. दिवसा दिला तर दुसऱ्या पेट्यांतल्या माश्या लुटायला येतात, म्हणून अंधार पडायच्या जरा आधी घेऊन जाईन.